च्याव लान सरोवरी एक रात्र

तापी म्हटली की मुलताईस उगम पावून, खानदेशाची काळी माती भिजवीत सुरतेपाशी सागरास मिळणारी नदी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु थायलंडच्या दक्षिणेकडील चिंचोळ्या द्वीपकल्पातही एक तापी आहे आणि तिच्या मुखाशी वसलेल्या नगराचे नाव सुरत थानी आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. हा योगायोग नव्हे. १९१५ साली थायलंडचे राजे वजिरावुध, म्हणजेच संस्कृतातील वज्रायुध, यांनी या नगरास व नदीस आपल्या सुरतेची आणि तापीची आठवण ठेवून ही नावे दिली. 'सुरत थानी' या नावाच्या मुळाशी 'सुराष्ट्र' हा शब्द आणि 'राजधानी' या शब्दातील 'धानी' आहे. थाई लोक त्याचा अर्थ 'सज्जनांचे नगर' असा करतात.

बँकॉकहून रात्रीच्या आगगाडीने निघाले की सुमारे ६५० किलोमीटरांचा प्रवास करून फुनफिन स्थानकावर उतरावे लागते. सुरत थानीचे रेल्वे स्थानक हेच. या गावापाशी फुम दुआंग नावाची नदी तापीस येऊन मिळते. तिच्या वरच्या अंगास सोक आणि सेंग असे दोन डोंगरी प्रवाह आहेत. त्यांपैकी सेंगच्या प्रवाहावर धरण बांधून जे विस्तीर्ण सरोवर निर्माण झाले आहे, ते च्याव लान. त्या सरोवरावर एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी अरण्यातील एक जलगुहा पाहावयाची, असा आमचा बेत होता. फेब्रुवारीचा महिना होता. या भागात पावसाचा जोर वर्षातील बहुतेक महिने टिकून असतो. जानेवारीपासून मार्चपर्यंतच आकाश थोडेफार निरभ्र राहते.

फुनफिनहून मोटार पश्चिमेकडे निघाली. दोहों बाजूंस रबराच्या बागा होत्या. प्रत्येक खोडावर तिरपी चीर घेतलेली, खाली चीक साठविण्यासाठी बांधलेली वाटी, आणि ओळीमागून ओळी अशा सरळ की केरळातून आलेल्या माणसास आपण कोट्टायमच्या रस्त्यावर असल्याचा भास व्हावा. तासाभराने क्षितिजावर करड्या रंगाचे उभे सुळके दिसू लागले आणि बान ता खुनच्या पुढे धरणाची भिंत समोर आली. ही भिंत ९४ मीटर उंच आणि ७६१ मीटर लांब आहे. ती काँक्रीटची नसून दगडांच्या भरावाची आहे. पाणी अडविण्याचे खरे काम तिच्या गाभ्यातील चिकणमाती करते. १९८२ मध्ये काम सुरू झाले व १९८७ मध्ये पुरे झाले. येथे २४० मेगावॅट वीज निर्माण करण्याची व्यवस्था आहे. राजे भूमिबोल यांनी धरणास 'रत्चप्रफा' हे नाव दिले. उच्चार परका वाटला तरी शब्द आपल्या ओळखीचा आहे: राज्यप्रभा, म्हणजे राज्याचा प्रकाश.

धरणाजवळच्या धक्क्यावरून पुढचा सर्व प्रवास पाण्यातून. येथील नावेस थाई भाषेत 'लांब शेपटीची नाव' म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे. नावेच्या मागच्या टोकाशी मोटारीचे इंजिन बसविलेले असते, त्यातून निघालेला दोन-तीन मीटर लांबीचा दांडा पाण्यात तिरपा जातो आणि त्याच्या टोकास पंखा फिरत असतो. नावाडी हा सर्व सरंजाम हाताने वर-खाली व डावा-उजवा करू शकतो. ही रचना का आवश्यक आहे, ते थोड्याच वेळात आम्हास समजले. प्रथम मात्र प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट चढविण्यात आले, आणि ते नीट बांधले आहे की नाही हे आमच्या वाटाड्याने स्वतः ओढून पाहिले.

नाव खुल्या पाण्यात शिरली, आणि नावेतील गप्पा आपोआप थांबल्या. हिरव्या-निळ्या पाण्यातून चुनखडीचे कडे थेट वर उठले होते. पायथा नाही, उतार नाही, किनाराही जवळजवळ नाही. जेथे पाणी संपते तेथे भिंत सुरू होते. कड्यांच्या भेगाभेगांतून झाडे उगवली होती, आणि जेथे झाडास मूळ धरता आले नाही तेथे पांढऱ्या, तांबूस, काळ्या रंगांचे पट्टे उमटले होते. या पर्वतांची सर्वोच्च शिखरे ९५० मीटरांच्याही वर जातात. एका ठिकाणी तीन सुळके पाण्यात ओळीने उभे आहेत. चीनमधील ग्वेलिन येथील अशाच डोंगरांवरून या जागेसही लोक ग्वेलिनच म्हणतात. बहुतेक सर्व नावा तेथे क्षणभर थांबतात.

हा दगड एके काळी समुद्राचा तळ होता. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी उथळ, उष्ण समुद्रात प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे थर साचत गेले. पुढे भूपृष्ठाच्या हालचालींत ते थर उचलले गेले. तेव्हापासून पाऊस त्यांना झिजवीत आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि कुजणाऱ्या पानांतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळविते. वर त्यामुळे सुळके होतात, आत गुहा होतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळास पाणी असे विरघळवीत नाही. म्हणूनच अजिंठा-वेरूळ येथे माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या खपावे लागले, आणि म्हणूनच आपण त्यांना गुहा न म्हणता लेणी म्हणतो. निसर्गाने कोरलेली गुहा पाहावयाची तर आपल्या देशात आंध्रातील बोरा येथे किंवा मेघालयात जावे लागते.

सरोवराच्या एका निमुळत्या फाट्यात शिरताना नावाड्याने एकदम वेग कमी केला व दांडा वर उचलला. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे बाहेर आले होते. पांढरे पडलेले, साल गळालेले ते शेंडे पुढे जावे तसे दाटच होत गेले. पाणी भरून इतकी वर्षे लोटली तरी हे बुडालेले अरण्य जागच्या जागी उभे आहे, आणि नावाडी त्याच्या शेंड्यांतून वाट काढीत जातात. दीडशेहून अधिक चौरस किलोमीटरांच्या या रम्य जलाशयाखाली एक संपूर्ण दरी आहे, हे त्या ठिकाणी कोणी सांगावे लागत नाही.

आमचा मुक्काम तरंगत्या घरांत होता. बांबूच्या व ओंडक्यांच्या तराफ्यांवर लहान लहान खोल्या ओळीने बांधलेल्या, एकमेकींस फळ्यांनी जोडलेल्या, आणि मधोमध स्वयंपाकघर व जेवणाची ओसरी. खोलीचे दार उघडले की दोन पावलांवर सरोवर. लहान मुलांच्या आईबापांनी येथे डोळ्यांत तेल घालून राहावे हे खरे, परंतु मुलांना अशा घरात राहण्याचा जो आनंद होतो त्यास तोड नाही. जेवणात भात, तळलेला मासा, नारळाच्या दुधातील कालवण आणि लसूण घालून परतलेली पालेभाजी होती. ती भाजी म्हणजे आपल्याकडे तळ्याकाठी उगवणारी नाळीची भाजी. शाकाहारी मंडळींनी आधी सांगून ठेवले तर त्यांची सोय होते; मात्र येथील स्वयंपाकात मासळीचा अर्क मिठासारखा वापरला जातो, हे ध्यानात ठेवून स्पष्ट सांगावे लागते.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. वडीलधाऱ्या स्त्रीस थाई लोक 'पा' म्हणतात. आपल्या मावशीसारखेच ते. जेवणानंतर त्या ओसरीवर येऊन बसल्या, तेव्हा वाटाड्याच्या मदतीने आम्ही त्यांना विचारले, "आपण मूळच्या कुठल्या?" त्यांनी हातातील पंख्याने पाण्याकडे निर्देश केला. सेंगच्या काठी त्यांचे गाव होते. धरण होणार असे ठरल्यावर गावकऱ्यांना खालच्या बाजूस जमीन मिळाली व रबराची रोपे मिळाली. रबराच्या झाडास चीक येण्यास सात वर्षे लागतात. तोवर नवराबायकोने मजुरी केली. आता बाग चांगली आहे, मुलगा ती पाहतो. "आजोबांनी लावलेली ड्युरियनची झाडे होती," त्या म्हणाल्या, "नव्या जागी तीही लावली. पण त्यांना फळ धरेपर्यंत आई राहिली नाही." एवढे सांगून त्या उठल्या आणि आम्हास पाहिजे असल्यास आणखी कलिंगड आहे, असे म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते मनास अधिक लागले. आपणा भारतीयांस ही कथा परकी नाही. कोयनेच्या शिवसागराखाली गावे आहेत. आपल्या तापीवर १९७२ साली पुरे झालेल्या उकाई धरणाचे पाणी नंदुरबारपर्यंत चढले आणि तेथील अनेक कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. धरणाने दिवे लागतात, शेते भिजतात, पूर आवरतात; यातील काहीच खोटे नाही. दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्याने एवढेच जाणावे की त्या उजेडाचे मोल कोणीतरी दिले आहे.

माणसांना निदान सामान बांधता आले. अरण्यातील प्राण्यांचे काय? पाणी चढू लागले तेव्हा ते टेकड्यांच्या माथ्यांवर जमले, माथ्यांची बेटे झाली, आणि बेटेही लहान लहान होऊ लागली. १९८६ मध्ये त्यांना वाचविण्याचे काम वनखात्यातील सूब नाखासथियन या तरुण अधिकाऱ्यावर सोपविण्यात आले. आपल्या सहकाऱ्यांसह नावांतून हिंडून त्यांनी वानरे, हरणे, साप असे १,३०० हून अधिक प्राणी बाहेर काढले. परंतु त्यांतील पुष्कळ प्राणी पुढे जगले नाहीत, आणि जे हाती लागलेच नाहीत त्यांची गणती नाही. या अनुभवाने सूब पार बदलून गेले. बुडालेल्या अरण्याची भरपाई अशा सुटकेने होत नाही, हे ते जाहीरपणे सांगू लागले. पश्चिम थायलंडातील नाम चोन येथे योजलेल्या धरणाविरुद्ध त्यांनी साक्ष दिली, आणि ती योजना १९८८ मध्ये बाजूस ठेवण्यात आली. पुढे ते हुआय खा खेंग अभयारण्याचे प्रमुख झाले. शिकारी व लाकूडचोर यांच्याशी झुंजताना आलेल्या निराशेत १ सप्टेंबर १९९० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपविले. दुसऱ्याच वर्षी त्या अरण्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. आज थायलंडातील शाळकरी मुलांनाही त्यांचे नाव ठाऊक आहे.

रात्री जनित्र बंद झाले आणि सर्वत्र अंधार पसरला. तराफ्याखाली पाण्याची चुळबूळ, अधूनमधून माशाची उडी, आणि कड्यांवरून येणारा रातकिड्यांचा अखंड आवाज. आकाशात एवढे तारे होते की ओळखीची नक्षत्रे शोधण्यास वेळ लागला.

पहाटे सहाच्या सुमारास आम्ही पुन्हा नावेत बसलो. धुके पाण्यावर पसरले होते आणि सुळक्यांचे फक्त माथे दिसत होते. एवढ्यात उजव्या हाताच्या कड्यावरून एक लांब, चढत जाणारी हाक आली. तिला दुसऱ्या कड्यावरून उत्तर मिळाले. हे पांढऱ्या हातांचे गिबन. आपल्या आसामातील हुलॉकचे हे भाऊबंद. नर-मादी मिळून रोज सकाळी असे गातात आणि हे रान आमचे आहे, असे शेजाऱ्यांस कळवितात. थोड्या वेळाने डोक्यावरून धनेशांची जोडी गेली; पक्षी दिसण्यापूर्वीच त्यांच्या पंखांचा घोष ऐकू आला. खाओ सोक राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ७३९ चौरस किलोमीटर आहे, आणि लगतच्या अभयारण्यांसह हा सर्व प्रदेश हत्ती, गवा व टॅपिर यांचे आश्रयस्थान आहे.

नाव एका लहान बेटास वळसा घालून गेली. दाट झाडी, पाण्यावर झुकलेल्या वेली. पाहणाऱ्यास वाटावे की येथे जीवसृष्टी नुसती उतू जात असेल. वस्तुस्थिती निराळी आहे. शास्त्रज्ञांनी या सरोवरातील बेटांवरील लहान सस्तन प्राण्यांची दोनदा पाहणी केली: एकदा ती वेगळी झाल्यानंतर ५ ते ७ वर्षांनी, व पुन्हा सुमारे २५ वर्षांनी. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा हेक्टरांहून लहान बेटांवरून मूळचे लहान प्राणी पाच वर्षांतच जवळजवळ नाहीसे झाले होते. १० ते ५६ हेक्टरांच्या बेटांवरही पंचवीस वर्षांत तीच गत झाली होती. त्यांच्या जागी बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदरांनी ठाण मांडले होते. अरण्याचा तुकडा राखला म्हणजे अरण्य राखले असे होत नाही, हे जगास सांगणारे जे मोजके पुरावे आहेत, त्यांत या सुंदर बेटांची गणना होते.

न्याहारी करून आम्ही गुहेकडे निघालो. सरोवराच्या पश्चिमेकडील एका फाट्यात उतरल्यावर सुमारे दोन तास अरण्यातून चालावे लागते. वाट एका ओढ्याच्या संगतीने जाते व त्यास पुनःपुन्हा ओलांडते. गुहेचे नाव 'नाम थलू', म्हणजे पाणी आरपार गेले आहे अशी. ओढा डोंगराच्या एका बाजूने आत शिरतो व सुमारे अर्धा किलोमीटर पोटातून वाहून दुसऱ्या बाजूस बाहेर पडतो. प्रवाशानेही पाण्याबरोबर तसेच जावयाचे.

मुखाशी पोहोचल्यावर वाटाड्याने सर्वांना थांबविले, कपाळावरचे दिवे तपासले, आणि मग बराच वेळ वर, डोंगराच्या माथ्याकडे पाहिले. आमच्यातील एका तरुणाने हसून म्हटले, "ऊन तर चांगले पडले आहे!" वाटाड्या म्हणाला, "येथे पडले आहे. पाणी तिकडून येते."

आत शिरताच थंडावा जाणवला. पाणी प्रथम घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे झाले. दिव्याच्या झोतात छतावरून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ चमकत होते. काही ठिकाणी ते खालून वर आलेल्या स्तंभांस मिळून खांब झाले होते. वटवाघळांचे थवे छतास चिकटून होते. भिंतीवर तळहाताएवढे कोळी निश्चल बसले होते. एका खडकावर बेडूक होता. प्रकाश पडला तरी तो हलला नाही. मध्यावर गुहा अरुंद झाली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात, आणि पाणी छातीशी आले. तेथे बांधलेल्या दोरास धरून आम्ही एकामागून एक पुढे सरकलो. थोडे अंतर पोहूनच जावे लागले.

त्या अरुंद भागापलीकडे वाटाड्याने आपला दिवा वर वळविला आणि काही न बोलता तो त्या तरुणाकडे पाहत राहिला. आमच्या डोक्यांच्याही बऱ्याच वर, दोन खडकांच्या खाचेत, एक जाडजूड ओंडका आडवा अडकून बसला होता. तो तेथे कोणी नेऊन ठेवलेला नव्हता. वाटाड्या मग म्हणाला, "पाणी तेथवर येते."

१३ ऑक्टोबर २००७ रोजी याच गुहेत अचानक आलेल्या लोंढ्याने आठ माणसांचा बळी घेतला. सहा परदेशी प्रवासी होते व दोघे त्यांचे थाई वाटाडे. अशा गुहेत संकट कसे येते, हे समजून घेण्यासारखे आहे. भोवतालच्या डोंगरांवर पडलेला पाऊस शेकडो वाटांनी एका ओढ्यात येतो, आणि त्या ओढ्यास जाण्यास मार्ग एकच असतो: ही गुहा. उघड्या दरीत पाणी पसरते. येथे पसरण्यास जागा नसल्याने ते केवळ चढते, आणि काही मिनिटांत चढते. गुहेच्या तोंडाशी ऊन असणे याचा त्या वेळी काही उपयोग नसतो. त्या दुर्घटनेनंतर पावसाळ्याच्या महिन्यांत गुहा बंद ठेवण्याचा नियम कसोशीने पाळला जातो. वाटाड्याशिवाय आत जाणे तर वेडेपणाच होय.

शेवटच्या वळणावर समोर हिरवा उजेड दिसला. बाहेर पडलो तेव्हा पाने, ऊन, पक्ष्यांचे आवाज सर्व एकदमच अंगावर आले. तो तरुण मागे वळून गुहेच्या तोंडाकडे क्षणभर पाहत उभा राहिला आणि मग वाटाड्यापाशी जाऊन त्याने दोन्ही हात जोडले. थाई लोक नमस्कार आपल्यासारखाच करतात.

या सहलीस जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी थोडी माहिती. जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. सुरत थानीपासून धरण सुमारे ७० किलोमीटर आहे. सरोवर व तरंगती घरे यांचा आनंद लहान-थोर सर्वांस घेता येईल, परंतु नाम थलूची वाट लहान मुलांसाठी अगर वृद्धांसाठी नाही. त्यांच्यासाठी पाकारांग ही दुसरी गुहा आहे. तिच्या नावाचा अर्थ प्रवाळ. थोडे चालून, एक लहानसे पाणी बांबूच्या तराफ्यावरून ओलांडले की तेथे जाता येते. गुहेतील स्तंभांस हात लावू नये; माणसाच्या हाताचे तेल लागले की त्यांची वाढ खुंटते. सामान थोडे घ्यावे, पण भिजले तरी चालतील असे पायांत घट्ट बसणारे जोडे अवश्य घ्यावेत. वाटाड्याने परत फिरावयास सांगितले तर विनातक्रार परत फिरावे.

परतताना नाव पुन्हा त्या वाळलेल्या शेंड्यांतून गेली. आमच्या सोबतच्या एका लहान मुलीने वडिलांना विचारले, "ही झाडे पाण्यात कशी उगवली?" वडिलांनी नावाड्यास मोटार आणखी मंद करण्याची खूण केली, मुलीस मांडीवर घेतले, आणि ती झाडे पाण्यात उगवली नव्हती, येथे आधी एक नदी होती आणि नदीकाठी गाव होते, असे तिला पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली. च्याव लान पाहून आलेल्या प्रत्येकाने हे सौंदर्य कोठून आले, एवढे आपल्या मुलांना सांगितले, तर त्या सरोवराचे ऋण थोडेसे तरी फिटेल.